सीआरपीएफ: पोलीस की फौज, आणि मुलाने फॉर्ममध्ये ते वर लिहावं का?

प्रश्न असा आला आहे: धाकटा मुलगा एसएससीच्या (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या) जीडी, म्हणजे जनरल ड्यूटी, कॉन्स्टेबल भरतीचा फॉर्म भरतो आहे आणि त्यात दलांचा पसंतीक्रम द्यायचा आहे. वडिलांना काही गोष्टींचा उलगडा होत नाही. सीआरपीएफ, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल, हे पोलीस की फौज? राज्याचं एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) आहे, गडचिरोलीत सी-६० हे पोलीस पथक आहे, मग हे दिल्लीचं दल वेगळं काय करतं? आणि मुलाने ते पहिल्या क्रमांकावर लिहावं का?

मी या दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि डेप्युटी कमांडंट म्हणून निवृत्त झालो. तेव्हा कुठे मायेपोटी झुकतं माप पडलं तर सांभाळून घ्या.

कायद्याने हे पोलीस दल आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाताखालचं, संरक्षण मंत्रालयाच्या नव्हे. लोक निमलष्करी म्हणतात, सरकारी कागदात २०११ पासून ‘केंद्रीय सशस्त्र पोलीस दल’ असं लिहितात. बीएसएफ (सीमा सुरक्षा दल), सीआयएसएफ (औद्योगिक सुरक्षा दल), आयटीबीपी (भारत-तिबेट सीमेवरचं दल), एसएसबी (सशस्त्र सीमा बल) हे त्याच रांगेतले. रचना फौजेसारखी: सेक्शन, प्लाटून, कंपनी, बटालियन. पण या पोलिसांना स्वतःचं एकही पोलीस ठाणं नाही. हद्द नाही, एफआयआर नोंदवायची सोय नाही, तपास नाही. जिथे जायचं तिथे दुसऱ्याच्या हद्दीत, दुसऱ्याने मागितलं म्हणून. पकडलेला माणूस जवळच्या ठाण्याच्या ताब्यात द्यायचा, पुढचं कागदपत्र त्यांनी करायचं. कोर्टात साक्षीला मात्र आपणही जायचं, मग तोवर बदली आसामात झालेली असली तरी. स्वतःची जमीन नसलेलं दल, ही गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

सुरुवात २७ जुलै १९३९ ची, नीमचची. नीमच आज मध्य प्रदेशात आहे. तेव्हा ते शिंद्यांच्या मुलखातलं, पण छावणी इंग्रजांची. संस्थानांशी इंग्रज सरकारचा संबंध व्हाइसरॉय ‘क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह’ या दुसऱ्या टोपीखाली पाहायचा, म्हणून या नव्या दलाचं नाव क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस. काळ बघा: संस्थानांत प्रजामंडळं उभी राहत होती. राजकोटचा सत्याग्रह १९३८-३९ चा, त्यात खुद्द वल्लभभाई पटेल आणि गांधीजी उतरलेले. आपल्याकडे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आणली, पण असे राजे थोडे. बाकीच्यांना प्रजा डोईजड झाली तर मदतीला कोण धावणार? ब्रिटिश प्रांतांचे पोलीस संस्थानात सहज जाऊ शकत नव्हते. म्हणून दोन बटालियनचं हे दल नीमचला ठेवलं, मागेल त्या संस्थानात पाठवायला. म्हणजे जन्मापासूनच हे दुसऱ्याच्या मुलखात जाणारं दल, आणि पहिलं काम म्हणाल तर लोकांच्या चळवळी आवरण्याचं. आमच्या प्रशिक्षणात या दुसऱ्या भागावर फारसं कोणी बोलत नसे. बोलायला हरकत नसावी.

१९४७ ला क्राउन गेला, त्याचा रिप्रेझेंटेटिव्ह गेला, पोलीस तेवढे उरले. हे दल मोडून टाकलं असतं तरी कोणाला नवल वाटलं नसतं. पटेलांनी ते ठेवलं. संस्थानं विलीन होत होती, जुनागढ-काठियावाडात केंद्राला हाताशी माणसं लागत होती, आणि प्रत्येक वेळी फौज बोलावणं शहाणपणाचं नव्हतं. २८ डिसेंबर १९४९ ला संसदेच्या आधीच्या सभागृहाने केलेल्या कायद्याने ते केंद्रीय राखीव पोलीस दल झालं. इंग्रजी आद्याक्षरं सीआरपी हीच राहिली. १९ मार्च १९५० ला पटेलांनी नीमचला येऊन दलाला राष्ट्रपतींचं निशाण दिलं. तोच दिवस आता सीआरपीएफ दिन म्हणून साजरा होतो. ज्या राजकोटात पटेल लढले होते, तसल्याच लढ्यांवर इलाज म्हणून काढलेलं हे दल. त्यांनी त्याचा उगम नाकारला नाही, मालक बदलला. मला यात त्यांची व्यवहारी बुद्धी दिसते.

सुरुवातीची पंधरा वर्षं राज्यांच्या पोलिसांबरोबर सीमेवरचं कामही या दलाच्या गळ्यात होतं, कारण सीमेसाठी वेगळं दलच नव्हतं. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला, सोळा हजार फुटांच्या आसपास, आदल्या दिवशी परत न आलेल्या साथीदारांच्या शोधात निघालेल्या तुकडीवर चिनी सैन्याने वरून गोळीबार केला. दहा जण गेले. देशभरातले पोलीस २१ ऑक्टोबरला स्मृतिदिन पाळतात, आपल्या जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शोककवायत होते आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात, ती तारीख हीच.

९ एप्रिल १९६५ ची गोष्ट त्याहून मोठी आणि त्याहून कमी माहितीची. कच्छच्या रणात सरदार पोस्ट. तिथे दुसऱ्या बटालियनच्या दोन कंपन्या होत्या, दीडशेच्या आसपास माणसं. समोरून पहाटेच्या अंधारात पाकिस्तानी सैन्याची ब्रिगेड आली. ब्रिगेड म्हणजे साडेतीन हजारांच्या घरातला आकडा, मागे तोफखाना. पोलिसांकडे रायफली, थोड्या मशीनगन, हातबाँब. रणात आडोसा कसला? मिठाची सपाट जमीन, मातीच्या मोर्च्याबाहेर डोकं काढलं की दिसलंच. तरी बारा तासांच्या आसपास ही पोस्ट झुंजली आणि हल्ला मागे फिरला. पाकिस्तानचे ३४ सैनिक पडले, चार जिवंत हाती लागले. आमचे सहा गेले. दलात ९ एप्रिल हा शौर्य दिन आहे. बटालियन कुठेही असो, त्या दिवशी जेवणाआधी सरदार पोस्टची गोष्ट सांगितली जाते. नव्या पोरांना ती ऐकताना पहिल्यांदा कळतं, की आपण नुसते बंदोबस्तवाले नाही.

पण या दोन्ही प्रसंगांनंतर दिल्लीने जे केलं, ते आमच्या दृष्टीने मजेशीर आहे. चीनच्या बाजूसाठी ऑक्टोबर १९६२ मध्ये आयटीबीपी उभं केलं, तेही सुरुवातीला सीआरपीएफच्याच कायद्याखाली. पाकिस्तानच्या बाजूसाठी १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ आलं. त्याचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. एका कामाला एक दल हा विचार योग्यच होता, पण सीमा काढून घेतल्यावर सीआरपीएफकडे उरला तो देशाच्या आतला भाग: दंगल, बंडखोरी, निवडणूक, यात्रा, संप. सीमेवरचा शत्रू परका असतो. आतल्या कामात समोरचा माणूस आपलाच नागरिक असतो आणि उद्या तो मतदान करणार असतो. हे काम अवघड, आणि त्यात टाळ्या कमी.

आता ‘मागणीवर जाणारं दल’ हे व्यवहारात कसं चालतं ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांचे सर्वांत जास्त गैरसमज इथेच असतात. घटनेप्रमाणे कायदा-सुव्यवस्था हा राज्याचा विषय. राज्याला माणसं कमी पडली की ते गृह मंत्रालयाकडे कंपन्या मागतं. मंत्रालय हाताशी असतील तेवढ्या देतं. कंपनी म्हणजे कागदावर सव्वाशेच्या आसपास माणसं; सुट्टीवरचे, आजारी, कोर्ट आणि ट्रेनिंगला गेलेले वजा केले की प्रत्यक्ष रस्त्यावर उतरणारी नफरी सत्तर-ऐंशी. गाड्या, राहण्याची जागा, पाणी हे राज्याने पुरवायचं आणि तैनातीचा खर्चही बहुतेक वेळा राज्याच्या नावावर पडतो. ही बिलं वर्षानुवर्षं थकतात, तो वेगळाच विषय.

राहण्याची जागा म्हणजे काय, तेही ऐका. निवडणुकीला कंपनी पोचते ती बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत, मंगल कार्यालयात नाहीतर मार्केट यार्डाच्या गोदामात. ट्रक रिकामे व्हायच्या आत तीन गोष्टी ठरतात: कोत कुठे, म्हणजे हत्यारं कुठल्या खोलीत, संतरी कुठे उभा राहणार, आणि मेसची चूल कुठे पेटणार. पाण्याचा टँकर आला की नाही हे कंपनी हवालदार मेजर सगळ्यांच्या आधी बघतो. संडासांची संख्या मोजली जाते आणि दरवेळी ती कमीच भरते. मग पोलीस अधीक्षकांकडे ब्रीफिंग, प्रत्येक तुकडीबरोबर स्थानिक ठाण्याचा एक माणूस. हा माणूस फार महत्त्वाचा. आमच्या एका सेक्शनमध्ये हरियाणाचा जाट, केरळचा ख्रिश्चन, मणिपूरचा मैतेई आणि साताऱ्याचा मराठा एकत्र असतात. त्या गल्लीत खरा दादा कोण आणि नुसता ओरडणारा कोण, हे त्यांना कसं कळणार? स्थानिक हवालदार चांगला मिळाला तर बंदोबस्त निम्मा झालाच म्हणून समजा. तो चहा प्यायला म्हणून गायब होणारा निघाला, तर काठी कोणावर उगारायची हे परक्या मुलखात आम्ही अंदाजाने ठरवायचं. तिथेच घोटाळे होतात.

राज्याने मागितलं पाहिजे आणि वापरलंही पाहिजे. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येपासून हाकेच्या अंतरावर, फैजाबादला, केंद्रीय दलांच्या कंपन्या मोठ्या संख्येने उभ्या होत्या. राज्य सरकारने त्या वापरल्या नाहीत. त्यातच रॅपिड अॅक्शन फोर्स (रॅफ) होतं, सीआरपीएफचंच दंगलीसाठीचं अंग, नुकतंच ऑक्टोबर १९९२ मध्ये कामाला लागलेलं. दंगलीत राज्याच्या सशस्त्र पोलिसांवर पक्षपाताचे आरोप होत होते, म्हणून कोणाचीही बाजू नसलेली, निळ्या ठिपक्यांच्या वर्दीतली माणसं हवीत या विचारातून ते काढलं. दल बाहेरचं म्हणून निष्पक्ष, हे खरं. बाहेरचं म्हणूनच ते दुसऱ्याच्या परवानगीला बांधलेलं, हेही तेवढंच खरं. मुंबई परिसरात रॅफच्या निळ्या गाड्या दिसतात त्या नवी मुंबईतल्या तळोज्याच्या १०२ व्या बटालियनच्या.

उलट बाजूही आहे. १९६८ च्या सप्टेंबरात केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या वेळी दिल्लीने केरळमध्ये नंबुद्रिपाद सरकारला न विचारता सीआरपी पाठवलं. मोठा वाद झाला. राज्याच्या हद्दीत केंद्राचे पोलीस कोणाच्या हुकमाने? त्याच वर्षी दलाच्या प्रमुखाचं पद महासंचालकाचं झालं होतं आणि पहिले महासंचालक होते व्ही. जी. कानेटकर. पुढे १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या यादीत २-अ ही नोंद घातली: राज्यातल्या मुलकी प्रशासनाच्या मदतीला केंद्राचं सशस्त्र दल पाठवणं हा केंद्राचा विषय. आणीबाणीतली बरीच कलमं नंतर मागे घेतली गेली, ही नोंद राहिली. तरी शहाणा गृहसचिव आजही राज्याला विचारूनच दल पाठवतो. राज्याच्या पोलिसांनी असहकार केला तर कंपनी शाळेच्या आवारात पत्ते कुटत बसते, हे त्याला पक्कं माहीत असतं.

राज्याच्या एसआरपीएफचा फरक आता सांगायला सोपा. काम पुष्कळसं सारखं, पण एसआरपीएफचे गट राज्याचे. दौंडचा किंवा जालन्याचा जवान बंदोबस्ताला फार तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला जातो, अधूनमधून निवडणुकीला परराज्यात. सीआरपीएफचा जवान श्रीनगरहून दंतेवाडा, दंतेवाड्याहून इम्फाळ असा फिरतो. सीआरपी म्हणजे ‘चलते रहो प्यारे’, हा आमच्यातला जुना विनोद आहे आणि तो फक्त पहिल्या वर्षी हसू आणतो. आज दलाची ताकद तीन लाखांच्या आसपास आणि बटालियन अडीचशेच्या घरात. एवढं असूनही विश्रांतीची आणि ट्रेनिंगची कंपनी ऐन वेळी कुठेतरी ओढली जातेच.

गडचिरोलीबद्दल विचारलंय, त्यावर जरा थांबतो. सी-६० हे राज्य पोलिसांचं पथक, १९९० च्या सुमारास तिथले अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या काळात उभं राहिलेलं. त्यातली पोरं त्याच जिल्ह्यातली. गोंडी-माडिया बोलणारी, नाला कुठे आटतो आणि मोहफुलाच्या दिवसांत कोण कुठे वस्तीला जातो हे ठाऊक असणारी. जंगलात खोल जाऊन कारवाई करण्यात त्यांची बरोबरी आमची साधी कंपनी करू शकत नाही, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. आमचं काम जमीन धरून ठेवण्याचं. पोलीस मदत केंद्रात स्थानिक पोलिसांबरोबर कंपनी बसते. रस्ता, पूल, मोबाइल टॉवर होईपर्यंत ठेकेदाराच्या माणसांना आणि यंत्रांना संरक्षण देते. वांगेतुरी, पेनगुंडा अशा ठिकाणी अलीकडे मदत केंद्रं उभी राहिली ती सगळ्यांनी मिळून. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्याचं श्रेय वाटताना सी-६० चं नाव आधी येतं, ते बरोबरच आहे. पण त्याआधीची वर्षानुवर्षं रोज सकाळी रस्ता कोणी उघडला, हे बातमीत येत नाही.

रस्ता उघडणं म्हणजे आरओपी, रोड ओपनिंग पार्टी. या दलाचं खरं रोजचं काम कोणतं असं विचारलंत तर मी गोळीबार सांगणार नाही, आरओपी सांगेन. पहाटे चारच्या सुमारास फॉल-इन. बॅटऱ्या बंद, बोलणं बंद. हेल्मेट, जॅकेट, रायफल, पाणी, पाठीवर डब्यात पुऱ्या आणि सुकी बटाट्याची भाजी. पार्टी रस्त्यावरून चालत नाही. दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे मीटर आत, झुडपांतून, रस्त्याला समांतर चालणारी रांग असते. कारण सुरुंग रस्त्याखाली असला तरी त्याची वायर बाजूला जंगलात जाते, आणि तिच्या टोकाला बसलेला माणूस तिकडेच असतो. आडवं चालताना वायर पायाला लागते, नाहीतर नजरेला. ती वायर मातीच्या रंगाची केलेली असते, पाचोळ्याखाली दाबलेली असते. रस्त्यावर फक्त धातुशोधक यंत्रवाला, त्याच्यापुढे मॅलिनॉय कुत्रं आणि दोन माणसं. प्रत्येक मोरीपाशी थांबायचं, वाकून पाइपात बघायचं. काल नसलेली माती आज भुसभुशीत दिसते का, डांबराला नवा ठिगळ पडलाय का, रोज बसणारी पोरं आज मोरीच्या कठड्यावर का नाहीत? या शेवटच्या गोष्टीचं यंत्र अजून निघालेलं नाही.

मग ठरलेल्या जागी लपून बसायचं, गाड्यांचा ताफा जाईपर्यंत. उन्हात सहा-सात तास. मोठ्या झाडाच्या सावलीत मात्र बसायचं नाही, कारण तिथे कोणीतरी बसणारच हे समोरच्यालाही माहीत असतं आणि वजनाने फुटणारा सुरुंग तिथेच पेरलेला असू शकतो. पायवाट टाळायची, रोजची पाण्याची जागा बदलायची. सर्वांत धोक्याची वेळ परतीची. अंग आंबलेलं, पाणी संपलेलं, कॅम्पचा दिवा दिसू लागलेला. त्या वेळी प्रत्येकाला सरळ रस्त्याने जावंसं वाटतं. कमांडरचा खरा कस इथे लागतो. बंदुकीपेक्षा त्याचा आवाज उपयोगी पडतो: ‘लाइन में चलो, रस्ता छोडो.’

हे नियम पुस्तकातून आलेले नाहीत. ६ एप्रिल २०१० ला ताडमेटलाजवळ, आज सुकमा जिल्ह्यात येणाऱ्या भागात, गस्तीवरून परतणाऱ्या ६२ व्या बटालियनच्या तुकडीला घेरून ७६ जणांना मारलं. त्यातले ७५ सीआरपीएफचे, एक राज्य पोलीस. २७ मार्च २०१२ ला गडचिरोलीत धानोऱ्याच्या बाजूला पुस्टोल्याजवळ आमची बस सुरुंगात उडाली, १२ जवान गेले. नक्षली भागात गाडीने जाऊ नका, चाला, हा हुकूम आधीपासून होताच. पण गाडी मिळाली की ती घ्यावीशी वाटते आणि अंतर लांब असलं की कमांडरवर दडपण येतं. जंगलासाठी वेगळ्या बटालियन हव्यात हे २००८-०९ मध्येच ठरलं होतं. त्यातून कोब्रा आलं, त्याच्या दहा बटालियन झाल्या. त्यांची जंगलयुद्धाची शाळा बेळगावजवळ आहे.

नुसत्या आमच्या जखमा दाखवून हा विषय संपत नाही. जून २०१२ मध्ये छत्तीसगडच्या सारकेगुड्यात रात्रीच्या कारवाईत सतरा जण मारले गेले. पुढे न्यायिक आयोगाने ते माओवादी असल्याचा पुरावा मिळाला नाही असं म्हटलं. ती कारवाई सीआरपीएफ आणि राज्य पोलिसांची होती. अंधार, अपुरी खबर, भाषा कळत नाही, समोर जमलेली माणसं कशासाठी जमलीत याचा पत्ता नाही. असं का घडतं हे मी समजू शकतो. पण त्या गावाने समजून का घ्यावं? स्थानिक भाषा येणारा एक तरी माणूस तुकडीत असल्याशिवाय रात्रीची कारवाई करू नये, हे माझं ठाम मत आहे आणि नोकरीत असतानाही होतं. पुढे दलाने बस्तरच्याच आदिवासी तरुण-तरुणींची बस्तरिया बटालियन काढली. ही उशिरा सुचलेली, पण चांगली गोष्ट.

काश्मीरबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ते वाचकांना बातम्यांतून माहीत आहे. कारगिलनंतर मंत्रिगटाने ठरवलं, की सीमेवरच्या दलांनी सीमा सांभाळावी आणि आतली बंडखोरी सीआरपीएफने. त्यानंतर श्रीनगर शहर बीएसएफकडून आमच्याकडे आलं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात लेथपोऱ्याजवळ ताफ्यातल्या बसवर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली आणि ४० जवान गेले. त्यात दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते. आठवडाभरात सरकारने दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानप्रवासाची सोय शिपायापर्यंत सगळ्यांना लागू केली. सुट्टीहून परतताना जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पात बर्फातला रस्ता उघडायची वाट बघत लोळण्यात ज्यांचे दिवस गेले, त्यांना या हुकमाची किंमत कळेल. तो आधी का निघाला नाही, हे मात्र विचारू नका.

मुलाऐवजी मुलगी फॉर्म भरत असती तर? तिलाही हे दल चांगलं आहे. १९८६ मध्ये निघालेली ८८ वी महिला बटालियन अशा दलांतली पहिली. २००७ मध्ये लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या कामावर गेलेली महिलांची तुकडी याच दलाची. १३ डिसेंबर २००१ ला संसदेच्या दारात अतिरेक्यांना पाहून आरडाओरडा करून सगळ्यांना सावध करणारी कॉन्स्टेबल कमलेश कुमारी हिच्या हातात त्या वेळी हत्यारही नव्हतं. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आता पगार-पेन्शन, कारण घरच्यांना खरी काळजी त्याची. पगार केंद्राच्या आयोगाप्रमाणे, कठीण भागाचे भत्ते वेगळे. इथे फौजेशी मुख्य फरक पडतो तो पेन्शनचा. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या जवानाला जुनी पेन्शन नाही, फौजीला आहे, अग्निवीर सोडून. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही दलंही केंद्राची सशस्त्र दलं आहेत, त्यांना जुनी पेन्शन द्या, असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दुसरी जुनी तक्रार अधिकाऱ्यांची: आयुष्य दलात काढलेला अधिकारी वर सरकायला लागला की वरच्या खुर्चीत आयपीएस येऊन बसतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयजीपर्यंतच्या (महानिरीक्षकापर्यंतच्या) पदांवरची ही प्रतिनियुक्ती दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं. शिपायाच्या बढतीची गतीही मंद. हेड कॉन्स्टेबल व्हायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात. युनियन काढता येत नाही, संप करता येत नाही. शिस्तीचा कायदा कडक आहे आणि दलाच्या कायद्याखालचे गुन्हे चालवण्यासाठी कमांडंटला मॅजिस्ट्रेटचे अधिकार दिलेले असतात. वर्षातले शंभर दिवस जवानाला कुटुंबाबरोबर मिळावेत, असं दिल्लीने जाहीर केलेलं आहे. मुलाने ते शंभर धरून लग्नाच्या तारखा काढू नयेत.

पसंतीक्रमाचं सांगतो. शहरात राहायचं, शिफ्ट ठरलेली हवी, बायकोची नोकरी सांभाळायची आहे, तर सीआयएसएफ वर ठेवा. विमानतळ, कारखाने, मेट्रो अशा जागी काम असतं. एकाच सीमेवर, एकाच प्रकारचं काम चालेल आणि एकांत सोसतो, तर बीएसएफ. थंडी आणि उंची मानवत असेल तर आयटीबीपी. देश बघायचा आहे, दर काही महिन्यांनी बिस्तरा बांधायला कंटाळा नाही, आणि आपल्याच लोकांसमोर काठी हातात घेऊन शांत उभं राहण्याची तबियत आहे, तर सीआरपीएफ. रागीट पोरगा असेल तर मी त्याला सीआरपीएफ सुचवणार नाही. लोकांना वाटतं तापट मुलगा फोर्समध्ये शोभतो. दगड खाऊनही हुकमाची वाट बघणारा पोरगा आम्हाला जास्त उपयोगी पडतो.

परीक्षा २०२४ पासून मराठीत आणि कोकणीतही देता येते. हिंदी-इंग्रजीच्या भीतीने आपल्याकडची मुलं मागे राहायची, ते कारण आता संपलं. तरी हिंदी बोलायचा सराव हवाच, कारण हुकूम हिंदीत सुटतात. मुलांना पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत धावायचं असतं. डांबरी रस्त्यावर सराव करून नडगी दुखवून घेऊ नका, मातीच्या मैदानावर धावा. भरती झाल्यावर ट्रेनिंग लातूरला किंवा नांदेडजवळ मुदखेडला झालं तर नशीब समजा, दोन्हीकडे दलाची केंद्रं आहेत. पण ते कुठेही पडू शकतं. जागा राज्यवार वाटलेल्या असतात, म्हणून डोमिसाइल लागतं. नक्षलग्रस्त आणि सीमावर्ती जिल्ह्यांसाठी त्यातल्या काही जागा वेगळ्या असतात आणि तिथली कटऑफ बरेचदा खाली येते. तुमचा तालुका-जिल्हा त्या यादीत आहे का, हे जाहिरातीच्या परिशिष्टात बघा. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही, आणि तो तहसीलमधून निघायला वेळ लागतो. दाखल्याचा अर्ज आजच टाका.